बाळंतपणानंतर पोटाचा पट्टा: मला फोनवर विचारले जाणारे सगळे प्रश्न एका जागी

आमच्या घरात आणि आसपास गेल्या काही वर्षांत सात बाळंतपणं झाली, दोन माझी (एक नॉर्मल, एक सिझर), बाकी बहिणी, नणंदा आणि समोरच्या फ्लॅटमधली. आणि प्रत्येकीचा तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला फोन येतोच, अगं तो पट्टा कधी बांधायचा, किती घट्ट, आई म्हणते आत्ताच बांध नाहीतर पोट सुटेल. दर वेळी तेच तेच सांगून घसा कोरडा पडला म्हणून आता एकदाच लिहून काढलं. मी डॉक्टर नाहीये. दोन्ही वेळा डॉक्टरांना आणि फिजिओला भरपूर प्रश्न विचारून हैराण केलं होतं, त्यातून आणि वाचनातून जे पक्कं कळलं ते इथे आहे. तुमचं सिझर झालं असेल किंवा काही गुंतागुंत असेल तर तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आधी, माझं नंतर.

पट्टा नेमका करतो काय?

आधार देतो. एवढंच. खोकला आला की आपण आपोआप पोटावर हात दाबून धरतो ना, पट्टा म्हणजे तो हात, फक्त दिवसभराचा.

थोडं सविस्तर सांगते कारण हे कळलं की पुढचे अर्धे प्रश्न सुटतात. डिलिव्हरी झाल्या झाल्या गर्भाशय (आपल्याकडे सरळ पिशवी म्हणतात) साधारण एक किलोचं असतं आणि हात लावला तर बेंबीच्या आसपास कडक गोळ्यासारखं लागतं. मग रोज साधारण एक बोट खाली उतरतं, १०-१४ दिवसांत ओटीपोटाच्या हाडामागे जातं आणि सहा आठवड्यांत परत ६०-७० ग्रॅमच्या आसपास येतं. हे सगळं ते स्वतःच करतं, पट्ट्याचा त्यात काही हात नाही. पण पोटाचे स्नायू नऊ महिने ताणलेले असतात ते एवढ्या लवकर जागेवर येत नाहीत, त्यामुळे उठताना बसताना पोट लोंबतंय, आतलं सगळं हलतंय असं वाटतं, आणि पुढून आधार गेल्यामुळे सगळा भार कंबरेवर येतो. पट्टा बांधला की हे हलणं थांबतं, पाठ सरळ होते, चालायचा धीर येतो. आणि बाळंतिणीने लवकर चालायला लागणं हे खरं महत्त्वाचं, पट्टा त्याच्यासाठी.

पट्टा नाही बांधला तर पोट सुटतं का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आणि यावरूनच घरोघरी सासू-सून आणि माय-लेकीची भांडणं होतात.

पोट पुढे दिसायची कारणं तीन, पिशवी अजून आकसलेली नाही, स्नायूंच्या मध्ये फट पडलीये, आणि चरबी (डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, साजूक तूप, सगळं आपलंच). पहिलं आपोआप होतं, दुसऱ्याला वेळ आणि योग्य व्यायाम लागतो, तिसऱ्याला काय लागतं ते तुम्हाला माहितीये. पट्टा यातलं काहीच जाळत नाही. बांधल्यावर पोट सपाट दिसतं आणि काढलं की तासाभरात होतं तसं, कारण ते दाबलेलं असतं, कमी झालेलं नसतं. माझ्या धाकट्या बहिणीने एक दिवसही पट्टा बांधला नाही, तिला घाम सहन होत नाही, आणि तिचं पोट माझ्यापेक्षा आधी गेलं. मी तीन महिने निष्ठेने बांधला होता. असो.

आजी म्हणते पोट बांधलं नाही तर पोटात वारं शिरतं. खरं का?

बाहेरून हवा पोटात शिरत नाही. पण आजीला वेड्यात काढू नका, तिचं म्हणणं फार जुनं आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतिणीचं पोट मोठ्या स्वच्छ कापडाने गुंडाळायला सांगितलंय, म्हणजे रिकाम्या झालेल्या पोटात वाताला जागा मिळू नये म्हणून. आपल्या आज्या-पणज्या जुन्या नऊवारीची किंवा धोतराची पट्टी फाडून तेच करत होत्या. आणि हे आपल्याकडेच आहे असंही नाही, मलेशिया-इंडोनेशियात लांबच लांब कापडाचं बेंगकुंग बांधतात, मेक्सिकोत फाहा. एवढ्या ठिकाणी बायकांनी आपापलं हे शोधून काढलं म्हणजे आराम नक्की वाटत असणार.

वाताचं स्पष्टीकरण आज आपण वेगळं देऊ, पण जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीत एक शहाणपण होतं, ती ताणत नाही, श्वास घेतला की थोडी सैल होते आणि कितीही ओढली तरी वेल्क्रोच्या बेल्टएवढी आवळत नाही. सिझरनंतर जो गॅस होतो तो मात्र आतडी थोडे दिवस सुस्त होतात त्याने होतो, त्याला उपाय चालणं, कोमट पाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेलं हलकं खाणं. पट्टा आवळून गॅस जात नाही, उलट पोट फुगलेलं असताना आवळला तर जीव कासावीस होतो.

नॉर्मल डिलिव्हरीनंतर कधीपासून बांधू?

तुम्हाला उठून चालायला लागल्यावर बरं वाटत असेल तर दुसऱ्या दिवसापासूनही चालतो. घाई मात्र काहीच नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत नर्स पोट दाबून पिशवी कडक आहे का ते बघते, रक्तस्राव किती होतोय ते बघते, तेव्हा मध्ये पट्ट्याची लुडबुड नको. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर बाळाला पाजताना पोटात चांगल्याच कळा येतात, त्या पिशवी आकसत असल्याच्या, तेव्हा पट्टा नकोसा वाटला तर काढून ठेवा.

खाली टाके असतील (बहुतेक पहिलटकरणींना असतात) तर पोट आवळल्यावर खाली ताण वाटतोय का ते बघा. वाटत असेल तर आठवडाभर थांबा, कोणतंही बक्षीस चुकत नाही.

सिझरनंतर? टाक्यांवर पट्टा बांधला तर टाके उसवतील ना?

यात सगळ्या जणी घाबरतात आणि मीही घाबरले होते. टाके पट्ट्याने उसवत नाहीत, पट्टा नीट बसवला तर. बऱ्याच हॉस्पिटलात पहिल्यांदा उठवतानाच, म्हणजे पहिल्या २४ तासांच्या आसपास, नर्स स्वतः बांधून देते. यावर झालेले अभ्यास थोडे उलटसुलट आहेत, काहींमध्ये पट्टा बांधलेल्या बायकांना पहिले काही दिवस दुखणं कमी होतं आणि चालणं सोपं गेलं, काहींमध्ये फार फरक दिसला नाही, पण त्रास वाढला असं सहसा दिसत नाही. म्हणजे बरं वाटलं तर बांधा, नाही वाटलं तर नका बांधू.

माझा अनुभव सांगते. सिझरच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाली चला उठा, आणि मी पाय खाली सोडले तर असं वाटलं की पोट फाटून सगळं खाली पडणार. ती म्हणाली थांबा, आणि झोपवून पट्टा बांधला, मग उठवलं. दुखलं, नाही असं नाही, पण ते फाटल्यासारखं वाटणं गेलं आणि मी बाथरूमपर्यंत गेले. त्या दिवसासाठी पट्ट्याचे पैसे वसूल.

आता काळजीच्या गोष्टी. सिझरचा टाका हल्ली बिकिनी लाइनवर, म्हणजे अगदी खाली आडवा असतो. पट्ट्याची कड नेमकी टाक्यावर आली की ती घासते, म्हणून पट्टा टाक्याच्या खालपर्यंत यायला हवा, टाका पूर्ण झाकला जाईल असा, कड मांडीच्या वर हाडापाशी. टाक्यावर ड्रेसिंग असेल तर त्यावर, नसेल तर मध्ये मऊ सुती कापडाची घडी. टाका ओला असताना, अंघोळ करून नीट न पुसता, पट्टा अजिबात नको, ओलसर आणि गरम जागा म्हणजे जंतूंची मजा. आणि रोज एकदा पट्टा काढून टाका बघायचा, स्वतःला दिसत नाही तर नवऱ्याला दाखवायचा किंवा मोबाइलने फोटो काढायचा. पट्ट्याचा खरा धोका हाच आहे की आत काय चाललंय ते झाकलं जातं.

खोकताना, शिंकताना, हसताना पट्टा नसेल तर उशी पोटावर दाबून धरा. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताने रेटून उठायचं. हे नॉर्मलवाल्यांनाही लागू.

किती घट्ट बांधायचा?

झोपून बांधला की पट्टा आणि पोट यांच्या मध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. आणि खोल श्वास घेऊन बघा, पोट फुगवता आलं पाहिजे. बसल्यावर छातीत जळजळ, धाप, जेवण वर येणं, पाय बधिर होणं, यातलं काही होतंय म्हणजे जास्त घट्ट झालाय.

जास्त घट्ट म्हणजे जास्त फायदा हे डोक्यातून काढा. पोट म्हणजे टूथपेस्टची ट्यूब समजा, मध्ये आवळली की पेस्ट वर नाहीतर खाली जाणार. वर गेली तर ॲसिडिटी आणि धाप, खाली गेली तर ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू पिशवी आणि लघवीची पिशवी धरून ठेवतात त्यांच्यावर दाब, आणि ते बिचारे आधीच बाळंतपणात ताणून थकलेले असतात.

बांधायचा कसा? प्रत्येक वेळी वर सरकतो.

वर सरकतो कारण उभं राहून कंबरेवर बांधताय. आधी लघवीला जाऊन या. मग पट्टा पलंगावर पसरा, त्यावर पाठीवर झोपा, गुडघे वाकवा. पट्ट्याची खालची कड कंबरेच्या हाडांच्याही खाली, मांडीचा सांधा सुरू होतो तिथे. हलका श्वास सोडत खालून वर अशा क्रमाने चिकटवा, खाली थोडा जास्त आधार, वर बरगड्यांपाशी सैल. वरची कड बरगड्यांच्या खालीच राहू दे. आत पातळ सुती बनियन घाला, पट्टा थेट कातडीवर नको. मग कुशीवर वळून उठा.

बसल्यावर गुंडाळी होऊन पोटात रुततो तो एकतर साइजला मोठा आहे किंवा फार रुंद. बाळाला पाजायला तासभर मांडी घालून बसायचं असेल तर सरळ काढा.

दिवसातून किती तास आणि किती महिने?

उठबस, चालणं, काम असेल तेव्हा बांधा, पडून असाल तेव्हा काढा. सुरुवातीला तासभर बांधून बघा, मग दोन-तीन तास बांधायचा, अर्धा-एक तास काढायचा, असं करत दिवसाचे सहा-आठ तास खूप झाले. साधारण सहा आठवडे, फार तर आठ. त्यानंतर रोज थोडा थोडा कमी करत सोडा. तीन-तीन महिने दिवसभर बांधून ठेवला (मी) तर स्नायूंना आयतं खायची सवय लागते, काम पट्टा करतोय म्हटल्यावर ते कशाला करतील, आणि काढल्यावर कंबर जास्त दुखते (माझी).

रात्री झोपताना?

नाही. झोपेत उभं राहायचं नसतं, मग आधार कशाला.

कोणता घेऊ? मेडिकलवाला तीन प्रकार दाखवतो.

साधारण हेच तीन: सिझरचा रुंद इलॅस्टिक बेल्ट ज्याला पुढे वेल्क्रो असतो, दोन-तीन पट्ट्यांचा सेट ज्यात पोट, कंबर आणि ओटीपोट वेगवेगळं बांधतात, आणि चड्डीसारखं शेपवेअर. पहिल्या महिन्यात पहिला प्रकार पुरे. टायनॉर, फ्लामिंगो वगैरे कंपन्यांचे बेल्ट बहुतेक मेडिकलमध्ये मिळतात, साधारण चार-पाचशेपासून हजाराच्या पुढे किमती, आणि महाग म्हणजे चांगला असं काही नाही. बघायचं एवढंच की आतून सुती किंवा जाळीदार आहे का, वेल्क्रोची कड टोचत नाही ना, आणि आत प्लास्टिकच्या कडक काड्या नाहीत ना.

साइज गरोदरपणाआधीच्या मापावर घेऊ नका, आणि सातव्या महिन्यात ऑनलाइन मागवूनही ठेवू नका, माप तेव्हाचं वेगळं, नंतरचं वेगळं. डिलिव्हरीनंतर टेपने बेंबीवरून आणि नितंबांवरून माप घ्या आणि पाकिटावरच्या तक्त्याशी जुळवा. दोन साइजच्या मध्ये असाल तर मोठी घ्या. पोट कमी होत जाईल तसा वेल्क्रो आत चिकटवता येतो, छोटा घेतलेला मात्र मोठा करता येत नाही.

वेस्ट ट्रेनर म्हणून जे जाहिरातीत दिसतं, हुक लावलेलं, कंबर बारीक करणारं, ते बाळंतिणीने घालायची वस्तूच नाही. ज्या बाईंनी ते घालून फोटो टाकलाय त्यांना त्याचे पैसे मिळालेत, तुम्हाला नाही मिळणार.

घरी आईने लुगड्याची पट्टी बांधायचं ठरवलं असेल तर बांधू द्या, चांगलं असतं. फक्त गाठ पुढे टाक्यावर नको, कुशीला मारा, आणि दोन बोटांचा नियम तिलाही सांगा.

डॉक्टर म्हणाले स्नायूंमध्ये गॅप आहे. पट्ट्याने भरेल का?

पोटावर मधोमध वरून खाली दोन उभे स्नायू असतात, त्यांना जोडणारा पडदा गरोदरपणात ताणला जातो आणि दोघांत अंतर पडतं. हे जवळपास सगळ्यांना होतं. २०१६ साली नॉर्वेतल्या ३०० पहिलटकरणींवरचा एक अभ्यास छापून आला, त्यात सहा आठवड्यांनी १०० मधल्या ६० जणींना असा गॅप होता आणि वर्षभरानंतरही साधारण ३३ जणींना. म्हणजे तुम्ही काही एकट्या नाही आणि तुमचं काही चुकलेलं नाही.

घरी बघायचं तर सहा आठवड्यांनंतर बघा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, बेंबीच्या थोडं वर मधोमध बोटं आडवी ठेवा, डोकं आणि खांदे किंचित उचला. दोन्ही बाजूंनी कडक होतं त्याच्या मध्ये किती बोटं जातात ते मोजा, मग तेच बेंबीवर आणि बेंबीखाली. दोनपेक्षा जास्त बोटं जात असतील, किंवा उठताना पोटाच्या मध्ये उभा उंचवटा येत असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. एका जागी गोळीसारखा फुगा येत असेल आणि दुखत असेल तर तो हर्निया असू शकतो, ते डॉक्टरांनीच बघायचं, तोवर पट्टा आवळून तो आत ढकलायचा उद्योग करू नका.

पट्टा गॅप भरत नाही. बांधलेला असताना दोन्ही बाजू जवळ धरतो, काढला की संपलं. भरायचं काम व्यायामाचं आणि वेळेचं.

मग व्यायाम कोणता आणि कधी?

नॉर्मल असेल तर पहिल्या आठवड्यातच झोपल्या झोपल्या सुरू करता येतो, सिझरला डॉक्टरांना विचारून. पाठीवर झोपून नाकाने श्वास घ्या, पोट वर येऊ द्या, सोडताना बेंबी पाठीकडे हलकेच ओढा आणि त्याच वेळी लघवी अडवल्यासारखं खालचं आवळा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. बाळ दूध पिऊन झोपलं की होऊन जातं. (खरंच लघवी करताना मध्येच अडवून हा व्यायाम करू नका, समजण्यापुरतं सांगितलं.) हा व्यायाम पट्टा काढून करायचा.

पोट कमी करायचं म्हणून सिटअप्स, क्रंचेस, प्लँक पहिल्या काही महिन्यांत नको, गॅप असेल तर नकोच. गॅपवाल्यांचं पोट त्याने जास्त पुढे येतं आणि मग त्या म्हणतात बघ व्यायाम करूनही काही होत नाही.

पट्टा बांधला की खाली जड वाटतं, काहीतरी बाहेर येतंय असं वाटतं.

लगेच काढा आणि डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे याला अंग बाहेर येणं म्हणतात आणि बायका वर्षानुवर्षं लाजून बोलत नाहीत. सुरुवातीलाच दाखवलं तर व्यायामाने बऱ्याच जणींना खूप फरक पडतो. शिंकताना लघवी होत असेल तर तेही सांगा. आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, पट्टा बांधून कुंथणं म्हणजे सगळा जोर खाली.

पट्ट्याने दूध कमी होतं का?

दूध बाळ किती वेळा पितं त्यावर ठरतं, पोट बांधण्यावर नाही. पण पट्टा वर सरकून स्तनाच्या खालच्या भागात रुतत असेल तर तिथे दूध साठून गाठ होऊ शकते. लाल, गरम, दुखरी गाठ आणि सोबत ताप असेल तर पट्टा बाजूला ठेवा, बाळाला पाजत राहा आणि डॉक्टरांना फोन करा.

एप्रिल-मे मध्ये बाळंतपण आहे, नागपूरला माहेर. कसं व्हायचं?

घामोळं होणारच. दोन पट्टे असू द्या, एक धुवायला एक घालायला, सकाळी आणि संध्याकाळी गार वेळेला बांधा, दुपारी काढून टाका. टाल्कम पावडरचे थर मारू नका, घामाबरोबर त्याचा चिखल होतो, टाक्याजवळ तर नकोच. कोकणात पावसाळ्यात उलटा त्रास, इलॅस्टिक दोन दोन दिवस वाळत नाही, तिथे लुगड्याची पट्टी परवडते. धुताना गार पाणी, साधा साबण, वेल्क्रो लावून मग धुवा नाहीतर बाळाच्या सगळ्या लंगोटांचे धागे त्यात अडकतात.

मालिशवाल्या बाई रोज येतात, पोटही चोळतात, शेकही देतात. पट्टा त्याआधी की नंतर?

नंतर, अंग कोरडं झाल्यावर. तेल लावलेल्या अंगावर पट्टा बांधला की सरकतो आणि कातडी सोलते. सिझर झालं असेल तर पोट चोळून घ्यायचं नाही, टाका आतून भरायला साधारण सहा आठवडे लागतात, त्याआधी पाठ, पाय, हात करून घ्या, बाईंना आधीच स्पष्ट सांगा.

शेगडीच्या शेकाबद्दल दोन शब्द. इलॅस्टिकचा पट्टा बांधून शेगडीजवळ किंवा बाजेखाली निखारे ठेवून झोपू नका, ते कापड वितळतं आणि चिकटतं. आणि खोलीची दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी तर कधीच नको, त्या धुराने आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका आहे. ओवा-बाळंतशेपाच्या धुरीचा वास मला स्वतःला फार आवडतो, पण बाळाच्या नाकाला नाही झेपत.

तांबी बसवलीये, पट्ट्याने सरकेल का?

नाही. ती पिशवीच्या आत असते, पट्टा बाहेर. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन लगेच झालं असेल तर मात्र त्या टाक्यालाही वर सांगितलेले सिझरचे नियम लावा.

पट्टा कधी अजिबात नको आणि डॉक्टरकडे कधी पळायचं?

टाक्यातून पू, वास, लालसरपणा वाढतोय, अंगावर पुरळ, आधीपासून हर्निया किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास, श्वासाचा त्रास, यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नका.

आणि पुढच्या गोष्टी पट्ट्यामुळे होतायत असं समजून घरी बसू नका: १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, तासाभरात एक मोठं पॅड पूर्ण भिजणं किंवा मोठ्या गाठी जाणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप किंवा छातीत दुखणं, जोरात डोकं दुखून डोळ्यापुढे अंधारी. यात १०८ ला फोन करा किंवा सरळ हॉस्पिटल गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. गावाकडे आशाताई साधारण ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्या फक्त बाळाचं वजन करायला येत नाहीत, तुमचंही विचारायला येतात, तेव्हा दारातून चहा देऊन पाठवू नका, टाका दाखवा.

बाळ सहा महिन्यांचं झालं, आता पट्टा बांधला तर उपयोग होईल?

पोट कमी व्हायला नाही. लग्नाला साडी नेसायची आहे आणि दोन तास पोट आत दिसायला हवं, तर शेपवेअर घाला, त्यात काही पाप नाही, फक्त त्याला उपचार म्हणू नका. कंबर दुखत असेल, गॅप असेल, तर तेच पैसे फिजिओच्या दोन-तीन भेटींना द्या.

नवरा विचारतो मी काय मदत करू?

पट्टा बांधून दे म्हणावं, दोन बोटं घालून बघ म्हणावं, आणि बाळाचे कपडे वाळत घाल म्हणावं, कारण सिझरनंतर बाळापेक्षा जड काही उचलायचं नसतं आणि ओल्या कपड्यांची बादली बाळापेक्षा जड असते.

वापरून झालेला पट्टा दुसरीला दिला तर चालतो का?

इलॅस्टिक अजून ताणून परत येत असेल, वेल्क्रो धरत असेल आणि साइज जुळत असेल तर गरम नाही पण साबणाच्या पाण्याने दोनदा धुऊन, उन्हात वाळवून द्या. टाक्याला इन्फेक्शन झालं होतं तो मात्र देऊ नका, टाकून द्या. माझा मोठ्या नणंदेकडे गेला, तिथून चुलत बहिणीकडे, आणि गेल्या दिवाळीत फिरून परत माझ्याकडे आलाय. आता सासूबाई गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी धरून ठेवायला वापरतात.